कोपराच्या ठाण्यावरील शेल्याची हकीकत

श्री. ज्या शक्तीने मातीस प्राण दिला आणि प्राणाभोवती कातड्याचा कोट घातला, तीस आधी दंडवत. हुजुरांनी पुसिले की कोपराचे ठाणे कोणा शत्रूने जाळिले. त्यास जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे, गोड करून लिहिले नाही. राज्य म्हणजे एक मनुष्यदेह. त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्यस्थापनेपासून वर्ष एकेचाळिसावे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, थंडीने कोट रुक्ष जाहला होता.

त्या ठाण्यात रायाजी सदतिशे म्हणून शिलेदार होते. अंगी सदतीस कड्यांचे चिलखत, म्हणोन आडनाव सदतिशे. शरीराने किडकिडीत, परंतु जंतूच्या चिलखतास भोक पाडावे तर त्यांनीच. डोळे मात्र त्या घराण्यात कोणासच नव्हते. हातांनी चाचपावे आणि झडप घालावी, ऐसी पिढीजाद रीत. शत्रू पडला की त्याचे कुळसूत्र, म्हणजे ज्या धाग्यावर त्याचा वंश लिहिला असतो तो धागा, रायाजींनी आपल्या शेल्यात बांधावा आणि चौकीवर हणगोजी नजरबाजांपुढे ठेवावा. मग हणगोजींनी धोक्याचा नगारा करावा आणि पांढरी फौज कुमकेस धावावी. आपले माणूस मेले तर त्याचे सूत्र त्याच दिवशी पाण्यात विरघळवावे, नगारा नाही, बोभाटा नाही. या रिवाजावर राज्य एकेचाळीस वर्षे सुखे नांदले.

त्या दिवशी राज्याच्याच नखाने कोटावर ओरखडा काढिला. घरचाच हात, बोल कोणास लावावा? खिंडार पडले आणि जंतू आत घुसले, आणि रायाजी त्यांवर तुटून पडले आणि प्रहरभरात एकही जिता ठेविला नाही. परंतु कोटाच्या भिंती रचणारे येमाजी गवंडी, रायाजींचे जिवाचे सोबती, त्याच खिंडारात ठार जाहले, हे रायाजींस कोणी सांगितले नाही. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे मेलेल्यांची सूत्रे चाचपून गोळा केली. जंतूचे सूत आणि घरचे सूत हातास सारखेच लागते. येमाजींचे सूत्रही शेल्यात गेले आणि वर गाठ बसली, आणि त्या गाठीची करामत ऐसी की आतला धागा पाण्यानेही विरघळू नये. चौकीवरील पहारेकरी बोलिले, "हणगोजीराव, एकदा सोडून पाहावे काय?" हणगोजी रागेजले. "एकेचाळीस वर्षांत रायाजीबाबांनी खोटा शेला आणिला नाही. गाठ त्यांची आहे ना? मग पाहायचे काय? करा नगारा!"

नगारा जाहला. पांढरी फौज आली, आणि शत्रू तर आधीच मेलेला. मग तिने आग ओकावी कोणावर? गवंड्यांच्या वस्तीवर ओकली. ठाणे तांबडे जाहले, तापले, सुजले. गवंडी भयाने महिन्याचे काम चार दिवसांत उरकू लागले आणि कच्च्या विटांचे थरावर थर चढले आणि चंदेरी पापुद्रे होऊन गळू लागले. वस्तीत माणसे मरत गेली, आणि रायाजी चाचपत गेले आणि शेले बांधीत गेले, आणि प्रत्येक शेल्यास नवा नगारा आणि प्रत्येक नगाऱ्यास नवे मुडदे. रायाजी थकून म्हणत, "एवढा शत्रू जन्मात पाहिला नाही. पण हटणार नाही!" हे बोल आता लिहितानाही लेखणी जड होते.

सातवे दिवशी येमाजींची स्त्री तुळजाबाई चौकीवर आली. धन्याचे सूत्र विसर्जनास आले नाही, म्हणोन ती सहा दिवस पाण्याशी बसून होती. तिने पहिला शेला ओढिला, दातांनी गाठ सोडिली आणि धागा वाचिला. वाचून ती रडली नाही. म्हणाली, "रायाजीभावजी, हात पुढे करा. हे आमचे धनी." रायाजींनी हात फिरविला. पुन्हा फिरविला. हातास निराळे काहीच लागेना. मग म्हणाले, "वहिनी, बाकीचे शेले?" तुळजाबाई एकेक गाठ सोडीत गेली आणि एकेक नाव सांगत गेली, आणि प्रत्येक नाव रायाजींच्या ओळखीचे होते.

दरबार भरला. वैद्यराज आले, त्यांनी होरपळल्या कोटास लेप दिला आणि औषधाचे जाड कांबळे नगाऱ्यावर घातले, तेव्हा फौज थंडावली. कारभारी म्हणाले, "सदतिशांचे शेले जप्त करा, चिलखते उतरवा." वैद्यराज म्हणाले, "शेजारच्या राज्यात असे शिलेदार तोकडे आहेत. जंतूंनी तेथला कोट पोखरून चाळण केली आहे, जाऊन पाहा." रायाजी स्वतःच शेला दरबारात ठेवून बोलिले, "मज रजा द्यावी. माझे हात आता माझे मलाच भिववितात."

तुळजाबाईने शेला उचलिला. "उद्या कोटास भोक पडेल ते कोण राखील? शेला घ्या, भावजी. बांधण्याआधी तोंड पाहत जा, एवढेच."

"वहिनी, पाहू कशाने?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलेच नव्हते. मग तुळजाबाई म्हणाली, "तर गाठ मारण्याआधी मला हाक मारीत जा."

तात्पर्य, कोपराचे ठाणे परक्याने जाळिले नाही. राखणारानेच जाळिले, आणि त्याजवाचून राखणाराही दुसरा नाही. नगाऱ्यावर कांबळे अद्याप आहे. खिंडार पडते तेव्हा रायाजी लढतात, लढाई सरली की शेला उलगडून बसतात आणि "वहिनी" म्हणून हाक मारितात, आणि तुळजाबाई येईतो गाठ मारीत नाहीत.