डोमाजीची एक्सरेची थैली

आमच्या मोहल्ल्यात कोणाचं बोट विळ्याने कापलं, की हळदीच्या आधी डोमाजी येतो. काखेत खताच्या पोत्याची शिवलेली थैली, थैलीत जुने एक्सरे.

"थांबा, मिलान करून पाहू."

दुखतं आपल्याला आणि थांबायचंही आपणच. हे एक्सरे लोकांनीच दिलेले. कोणाचा गुडघा, कोणाची छाती. माणूस मेल्यावर त्याचा एक्सरे घरात ठेवायला लोक भितात, फेकायलाही भितात, म्हणून डोमाजीला देतात.

डोमाजी जखम पाहतो, मग एक एक्सरे उन्हात धरून एक डोळा मिटतो, दोन्ही ताडून पाहतो आणि सांगतो, "हड्डी साबूत हाये." रक्त वाहत असलं तरी हेच. धान मळताना माझ्या जावेच्या कपाळाला फळी लागली, टेंगूळ आलं. तिथेही मिलान, तेही हाताच्या एक्सरेशी.

मी म्हटलं, "डोमाजी, कपाळाले पाच बोटं कायले असतील रे?"

"बाई, हड्डी ते हड्डी."

अशा माणसाशी कोण बोलणार? मी तर थकले.

यंदा पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून मी घसरले. मनगट फुगलं. डोमाजी आलाच. या वेळी मी एक्सरे त्याच्या हातातून ओढून घेतला. तोच, पाच बोटांचा. बाईचा हात होता. मनगटावर बांगड्यांच्या पुसट रेघा होत्या.

"कोनाचा हा?"

"आमचीचा." मग सांगू लागला, "मुसळ लागलं होतं तिले. गोंदियाले नेलं. एक्सरेवाला वरडून राहिला, बांगड्या काढ म्हणून. थे म्हणे, मालक जिता हाये, काऊन काढू? तसाच काढला मग."

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात तिचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की ती तोंडावर पदर ओढायची, हे मला ठाऊक आहे.

ओलीने एक्सरेचा एक कोपरा सुटत चालला होता. डोमाजी त्यावरून बोट फिरवत म्हणाला, "सून म्हनते, हे मुर्दे घरातून काढा, नाई तं भंगारात देतो. बाई, हा एक तुमच्या पेटीत ठेवाल का?"

"ठेव. पन माह्या मनगटाचं काय?"

"साबूत हाये."

मी तो लुगड्याच्या घडीत ठेवला. थैली आठ दिवसांत भंगारवाल्याकडे गेली. मग डोमाजीचं येणं बंद झालं. लोकांची बोटं कापत राहिली, बरी होत राहिली. तो त्याच्या ओसरीवर बसून माझ्या दाराकडे पाहायचा. माझ्यासारख्या विधवा बाईच्या घरी जाऊन स्वतःच्या बायकोचा हात दाखवा म्हणून कसं सांगणार?

मलाच शेवटी कुंपणाजवळ जाऊन ओरडावं लागलं, "डोमाजी, अंगठा चेचला. मिलान करून दे!"

तो हात धुऊन आला. मी पेटीतून एक्सरे काढून दिला. त्याने तो उन्हात धरला. डोळा मिटला नाही. बराच वेळ पाहत राहिला.

आता दर आठवड्याला माझा अंगठा चेचतो. कोणता, ते त्याने अजून विचारलेलं नाही.