तांब्यातली गोळी

शिवगंगाबाईंच्या पूजेच्या तांब्यात गोळी कुटून टाकायची युक्ती पहिल्यांदा सुचली त्यांच्या मुलाला, विरूपाक्षला. मग ती सुनेला, दानम्माला सुचली आणि शेवटी दिराला, संगप्पांना. एकाच घरात एकच अक्कल तिघांना वेगवेगळी सुचली, की तिचं काय होतं हे त्या घरात सांगू शकणारी बाई एकच होती. आणि गोळी नेमकी तिलाच चालली होती.

उदगिरात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान. मालक मलप्पा उन्हाळ्यात गेले. त्याच साली उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच साली पावसानं दडी मारली. सरकारनं जिल्हा दिला, पण त्यात पाणी घालायचं राहून गेलं, असं गिऱ्हाइकं म्हणत. शिवगंगाबाई नवऱ्यामागं दुकानाच्या गादीवर बसल्या खऱ्या, पण जेवेनात, झोपेनात, तराजू धरल्या धरल्या रडू लागत. गावातल्या डॉक्टरांनी उदासीवरची गोळी लिहून दिली. शिवगंगाबाईंनी ती उकिरड्यावर फेकली.

"माणूस गेलंय माझं," त्या म्हणाल्या. "मला दुख झालंय, रोग न्हाई झाला."

घर लिंगायताचं. शिवगंगाबाई रोज सकाळी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करीत, तांब्यातलं पाणी त्यावर घालीत आणि ते तीर्थ घेऊन मगच अन्नाला शिवत. तीर्थाचा थेंब टाकायचा नाही आणि तीर्थाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. तेव्हा गोळी पोटात जाईल अशी जागा घरात एकच होती, तो पूजेचा तांब्या. विरूपाक्षनं गोळ्या विकत आणल्या. दानम्मानं उकिरड्यावरच्या उचलून पुसून ठेवल्या. संगप्पा नांदेडला लग्नाला गेले होते, त्यांनी तिथून आणल्या. पूजेच्या पाण्यात काही कालवणं हे पाप, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नाही. गोळी आधी महादेवाला आणि मग शिवगंगाबाईंना, दोघांनाही तिप्पट, असा प्रकार सुरू झाला.

शिवगंगाबाईंच्या तोंडाला कोरड पडू लागली. दुष्काळात सारखं पाणी मागणारी सासू म्हणजे काय, हे दानम्मालाच विचारावं. बसल्या जागी त्यांना डुलकी लागे. एकच पोतं त्या दोनदा मोजीत आणि विरूपाक्षला बापाच्या नावानं हाक मारीत. एकदा किल्ल्यांचा जुडगा सरकीच्या पोत्यात गेला आणि ते पोतं थेट भोकरच्या गिऱ्हाइकाकडे पोचलं, तिथून जुडगा चार दिवसांनी परत आला. बायकोनं चहात मीठ घातलं तर घर हसतं, पण म्हातारीनं किल्ली हरवली की घर सल्लामसलतीला बसतं. अव्वाचं, म्हणजे आईचं, डोकं गेलं, आता किल्ल्या आणि गादी काढून घ्यावी, असं ठरलं.

"डोकं माझं हाय, किल्ल्या माझ्या कमरंला हायत," शिवगंगाबाईंनी सुनावलं. "दोन्हीला हात लावून दाखव."

अशात टँकर यायचा बंद झाला. सांडायला पाणी नाही म्हणून शिवगंगाबाईंनी पूजा भस्म आणि बेलपानावर भागवली. तीर्थच नाही, तर गोळी कुठून जाणार? हळूहळू त्यांच्या डोळ्यांवरची झापड उतरली. पेंडीची थप्पी आखूड कशी झाली, आमटीत तेलाची एवढी धार कशाला, संगप्पा भावजी दुकानात पेपर वाचायला येतात की काम करायला, असे प्रश्न त्या विचारू लागल्या. घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजार वाढला, यावर तिघांचं एकमत झालं आणि लातूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं.

शिवगंगाबाई तयार झाल्या, पण अट घालून. डोकं गेलं असं डॉक्टर म्हणाला तर किल्ल्या तिथंच विरूपाक्षच्या हातात देईन, नाही म्हणाला तर पुन्हा किल्ल्यांचं नाव काढायचं नाही. विरूपाक्षनं आनंदानं मान डोलावली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी टँकर आला. वाट्याला आलेल्या पाण्यातून शिवगंगाबाईंनी पूजेचा तांब्या अर्धाच भरला. एसटीत अव्वा गप्प बसावी म्हणून विरूपाक्षनं गोळी टाकली. दानम्मानं टाकली. संगप्पांनी, प्रवास लांबचा म्हणून, जरा सढळ हातानं टाकली. सकाळी पूजा आटोपून शिवगंगाबाई तीर्थाचं भांडं हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

"तीर्थ घेतल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. हात करा म्होरं."

विरूपाक्ष चाचरला. "अव्वा, माझं पोट बरं न्हाई."

"तीर्थ पोटाला बाधत न्हाई. हात कर."

प्रत्येकाला फक्त आपलीच गोळी ठाऊक होती. एका गोळीचा तिसरा हिस्सा, त्यानं काय होतंय, अशा हिशेबानं तिघांनी ओंजळी भरून घेतल्या. शिवगंगाबाईंसाठी काही उरलंच नाही. त्यांनी ओली बोटं डोळ्यांना लावली आणि पायात चपला सरकवल्या.

एसटी उदगिराबाहेर पडायच्या आत तिघेही आडवे झाले. संगप्पांचं डोकं शेजारच्या प्रवाशाच्या खांद्यावर पडलं आणि प्रवासी सभ्य म्हणून त्यानं ते राहू दिलं. लातुरात शिवगंगाबाईंनी तिघांना मेंढरांसारखं हाकत दवाखान्यात नेलं. दानम्मा वाटेतल्या प्रत्येक हॉटेलात पाणी मागत होती आणि प्रत्येक हॉटेलवाला आधी चहा घ्यायला सांगत होता.

डॉक्टरांनी शिवगंगाबाईंना समोर बसवून प्रश्न विचारले. वार, महिना, घरात माणसं किती, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं.

"आणि आजी, आपण आत्ता कोणत्या जिल्ह्यात बसलोय?"

"उस्मानाबाद."

विरूपाक्षची झोप खाडकन उडाली. "बघा साहेब. गेलंय डोकं."

शिवगंगाबाई हलल्या नाहीत. "डॉक्टरसाहेब, जरा वळून तुमची पाटी बघा."

डॉक्टर वळले. खिडकीतून दवाखान्याची पाटी दिसत होती. नव्या जिल्ह्याचा रंग तिला अजून लागला नव्हता, तिच्यावर ठसठशीत जिल्हा उस्मानाबादच होतं. डॉक्टर ओशाळून हसले.

"मी काय म्हनते, आता माझ्या ल्याकाला इचारा की," शिवगंगाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वार विचारला. विरूपाक्षनं छताकडे पाहिलं, जिभेनं ओठ ओले करायची खटपट केली आणि वार आहे, एवढंच सांगितलं. दानम्मानं सोमवारचा रविवार केला. संगप्पा भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून घोरत होते. डॉक्टरांनी विरूपाक्षच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली आणि सकाळपासून काय काय घेतलंत, असं विचारलं.

"तीर्थ," विरूपाक्ष म्हणाला, आणि मग त्याला रडूच आलं. त्यानं कबूल केलं. ते ऐकून दानम्मानं कबूल केलं. संगप्पांना हलवून जागं केलं, तर त्यांना वाटलं पोलीस आले, आणि त्यांनीही कबूल केलं.

गोळी विष नव्हे, असं डॉक्टरांनी समजावलं. एक असती आणि रोगी राजी असता, तर गुणही आला असता. पण म्हातारपणी ही गोळी वाजवीपेक्षा जास्त झाली की डोक्यात धुकं साचतं, माणूस विसरू लागतो आणि घरच्यांना वाटतं, डोकंच गेलं.

शिवगंगाबाई विरूपाक्षकडे पाहत म्हणाल्या, "डोकं गेलं माझं म्हनून पोत्यांच्या आड बसून रडले रे मी. तुझ्या अप्पासाठी रडायचं ऱ्हाऊनच गेलं."

झोप, जेवण अजून नीट नाही, तेव्हा दुसरी हलकी गोळी देऊ का, असं डॉक्टरांनी जपून विचारलं.

"द्या. तुमी इचारलं म्हनून घेते. मी फेकली तवा ह्यांनी माझ्यासंग भांडायचं हुतं. देवाच्या तांब्याआड लपायचं नव्हतं."

किल्ल्या कमरेलाच राहिल्या. आता शिवगंगाबाई रोज सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं गोळी घेतात आणि मलप्पांची आठवण आली की गिऱ्हाइकासमोरही खुशाल रडतात. पूजेनंतर मात्र तिघांनी दारात ओंजळी पसरून उभं राहायचं. तीर्थ घालायच्या आधी त्या प्रत्येकाला वार विचारतात, मग जिल्हा विचारतात आणि बरोबर उत्तर देईल त्यालाच त्या दिवशी दुकानात घेतात. संगप्पा अजून अधूनमधून उस्मानाबाद म्हणतात आणि दिवसभर घरी बसून पेपर वाचतात.