एक जण बघतोय

चर्चमध्ये कॅमेरा बसला आणि तिथले एक पंच हिरामण साळवे यांची उपदेशातली झोप उडाली. पंचांचं बाक वेदीला लागूनच, त्यामुळे पाळकांबरोबर तेही आयतेच कॅमेऱ्यात यायचे. एरवी उपदेश सुरू झाला की ते डोळे मिटायचे आणि मंडळी त्याला मनन समजायची.

घरी बसलेल्या आजारी माणसांसाठी ही सोय आहे, असं पाळक म्हणाले. हिरामणना ते काही पटलं नाही. त्यांच्या बायकोचा, विमलाबाईंचा, गुडघा धरला होता. त्या म्हणाल्या, "मलाबी लावून द्या की मोबाइलवर."

"मोबाइलवर कसली उपासना? कोण कुठून बघतंय, काय भरवसा?"

खात्री करायला त्यांनी रविवारी बाकाआड फोन धरून ते थेट प्रक्षेपण उघडलं. बघणाऱ्यांचा आकडा होता एक. पुढच्या रविवारीही एकच. मंडळीत आजारी माणसं एवढी आणि बघणारा एकटा? हा आजारी नव्हेच, असं त्यांच्या मनाने घेतलं.

उपासनेनंतर त्यांनी पाळकांना बाजूला घेतलं. "बिशपसाहेबांच्या ऑफिसातला माणूस बघतोय आपल्याला."

"कशावरून?"

"शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत हलत नाही, पाळकसाहेब. एवढी चिकाटी आपल्यातल्या कोणात आहे?"

पाळकांचा चेहरा उतरला. तासाभराचा उपदेश निम्म्यावर आला. बातमी फुटली तशी उशिरा येणारी मंडळी पहिल्या गीताआधीच जागेवर बसू लागली. गायकवृंदातल्या बायकांनी मधल्या गप्पा सोडून सूर धरला. हिरामणना मात्र डुलकीची चोरी झाली. नाताळच्या उपासनेत बायबलमधला पहिला पाठ वाचायचा मान त्यांच्या वडिलांपासून घरात होता, आणि झोपाळू पंचाला तो कोण देणार? ते खिशात लवंगा ठेवून एकेक चावत जागे राहिले.

मध्ये एका रविवारी ते भाचीच्या साखरपुड्याला ओझरला गेले. परत आल्यावर त्यांनी कॅमेरा सांभाळणाऱ्या संध्याला गाठलं. "काल होता का गं तो?"

"नाही काका. काल शून्य."

"मी नेमका नसताना कसा गेला?"

संध्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, तुम्ही बाकावर बसून फोनवर लावता ना? मग तो एक म्हणजे तुम्हीच."

हिरामण चांगलेच ओशाळले. पण पंच ते पंच. "कुठं बोलू नको हं. उपदेश परत तासाचा होईल."

तो तास संध्याला कॅमेऱ्यामागे उभ्यानं काढावा लागायचा. "नाही बोलत. काकू घरीच आहेत का हो?"

"गुडघा धरलाय ना. जाते कुठं?"

पुढच्या रविवारी हिरामण निर्धास्त होते. पाळकांचा धाक टिकावा म्हणून त्यांनी फोन उघडून मांडीवर ठेवला आणि उपदेश सुरू होताच मननाला बसले. कित्येक दिवसांनी अशी गाढ लागली. तेवढ्यात फोन थरथरला. त्यांनी एक डोळा उघडला. आकडा दोन झाला होता आणि वर विमलाबाईंचा मेसेज होता.

"संध्यानं लावून दिलं. तोंड मिटा, सगळं दिसतंय. नाताळचा पाठ वाचायचाय ना?"

हिरामण ताठ बसले आणि गुपचूप खिशात लवंग शोधू लागले.