बेरिलबाईंचा घोटा

आल्डरफील्ड सायकल मंडळाची जूनमधली मोठी फेरी यंदा कुठल्या वाटेने न्यायची, हे ठरवायला तिघेजण एका रविवारी सकाळी बाहेर पडले. खरं तर ठरवायचं होतं एकट्या बेरिलबाईंनी. बेरिल कटिंग मंडळाच्या अध्यक्ष. फेरीच्या पुढे दरवर्षी त्याच असत, आणि जो पुढे असेल त्याने वाट निवडायची, असा मंडळाचा रिवाज होता. बेरिलबाईंची वाट डांबरी होती. दोन चर्च, एक पवनचक्की आणि शेवटी चहा. मंडळातल्या लोकांना ती इतकी पाठ झाली होती की वळण आलं की सायकली आपोआप वळत.

डेन्झिल गॅरड या फेरीत कायम सगळ्यांच्या मागे असे. दमलेल्यांना धीर देणं, पंक्चर काढणं, कुणाची टोपी उडाली तर ती काटेरी कुंपणातून सोडवून आणणं, ही त्याची कामं. तक्रार त्याने कधी केली नाही. पण निवृत्त झाल्यावर त्याने जाड टायरांची सायकल घेतली आणि हिवाळाभर खडीच्या वाटा धुंडाळल्या. पाइनच्या जंगलातून निघायचं, गॉर्सच्या काटेरी झुडपांच्या पिवळ्या फुलांमधून माळरान ओलांडायचं, खाडीच्या बांधावरून होडीच्या तरीपाशी उतरायचं आणि पलीकडे जाऊन तळलेले मासे खायचे, अशी त्याची वाट. त्या वाटेवर एकदा तरी आपण पुढे असावं आणि बाकीचे मागे, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती, आणि सगळ्या गावाला ती माहीत होती.

तिसरा होता चिटणीस आर्थर पेटिट. जो शेवटी बोलेल त्याचं मत ते पेटिटचं मत, त्यामुळे तो सगळ्यांचा आवडता होता.

त्या रविवारी तिघे डेन्झिलच्या वाटेने गेले, आणि ती खरोखरच झकास निघाली. जंगलात खडी कोरडी होती, चाकं सुरेख धावत होती. बेरिलबाई म्हणाल्या, "ठीक आहे." माळरानावर उतार लागला, गॉर्सचा गोड वास आला, डोक्यावर चंडोल गात होता, आणि समोर एकदम सगळी खाडी उघडली. तिथे बेरिलबाई काहीच म्हणाल्या नाहीत. डेन्झिलने हा शुभशकुन मानला. आपली वाट पसंत पडणार, याबद्दल त्याच्या मनात आता काडीची शंका उरली नव्हती.

तरीपाशी पोचल्यावर पहिली अडचण आली. तिथली रीत अशी की अलीकडच्या खांबाला एक पांढरी रंगवलेली लाकडी बॅट टांगलेली असते. ती डोक्यावर धरून हलवली की पलीकडचा नावाडी होडी काढतो. त्या दिवशी खांबावर नुसती खुंटी होती. फोनला तिथे रेंज नसते. हाका मारायचा प्रश्नच नव्हता, कारण तिघेही चांगल्या घरची माणसं होती.

"बॅटचं एवढं काही नाही," डेन्झिल म्हणाला. "पांढरं काहीतरी दिसलं की झालं." पेटिटच्या पिशवीत अंड्याच्या सँडविचांखाली पांढरा टेबलक्लॉथ होता. डेन्झिलने तो ऐटीत डोक्यावर फिरवला. पलीकडच्या बाकावर बसलेल्या नावाड्याने तो पाहिला, हात वर करून नमस्कार केला आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. नंतर त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की कापड काय, कुणीही हलवतं. बॅट हलवली असती तर लगेच आलो असतो. बॅट रंगवायला आपणच घरी नेली आहे, हे संध्याकाळपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आपण नीट दिसत नसू, असं वाटून डेन्झिल चिखलात चार पावलं पुढे गेला. भरती चढत होती. त्याचा एक बूट रुतला, म्हणून पेटिटने मागून त्याचा पट्टा धरला. पट्टा धरताना पेटिटचाही तोल गेला, म्हणून बेरिलबाईंनी पेटिटला धरलं. जवळून पाहिलं तर तीन माणसं एकमेकांना सावरत होती. पलीकडे एक बाई दुर्बिणीतून पक्षी पाहत होत्या. त्यांना वाढत्या पाण्यात तीन वृद्ध पांढरं निशाण फडकवताना दिसले. त्यांच्या फोनला रेंज होती.

थोड्या वेळाने खाडीच्या तोंडाकडून इंजिनाचा आवाज आला. तोवर तिघे बांधावर परतून बूट पुसत होते. "बघा, आली होडी," डेन्झिल म्हणाला. होडी आली, पण ती नारिंगी होती. आत हेल्मेट घातलेले बचाव दलाचे तीन स्वयंसेवक होते. सुकाणूवर गावातला प्लंबर रोलंड स्माय, आणि त्याच्या जाकिटाच्या गळ्यातून जेवणाचा रुमाल बाहेर डोकावत होता.

प्रकार काय झाला आहे ते तिघांनाही एकदमच कळलं.

"रविवारचं जेवण सोडून आलेत बिचारे," पेटिट पुटपुटला. "आपण माफी मागू या."

"माफी कसली मागतोस?" बेरिलबाई हळूच म्हणाल्या. "ताटावरून उठून आलेत ती माणसं. काही झालंच नाही, असं तोंडावर सांगणार त्यांना? आपल्यातल्या कुणीतरी आता स्वतःला वाचवून घ्यायलाच हवं."

पेटिटला हे पटलं, पण रोलंड त्याचा मेहुणा होता आणि घरी उलटतपासणी झाली असती. उरला डेन्झिल. सभ्यपणाने पाहिलं तर पाळी त्याचीच होती. पण वाट दाखवणाराच जायबंदी झाला तर त्या वाटेला विचारतो कोण? तो लंगडायला सुरुवात करावी की नाही या विचारात असतानाच बेरिलबाई चिखलात बसल्या आणि त्यांनी डावा घोटा दोन्ही हातांनी धरला. डेन्झिलला भरून आलं. इतक्या वर्षांत आपण या बाईला ओळखलंच नाही, असं त्याला वाटलं.

रोलंडने बूट काढला. त्याचं प्रथमोपचाराचं शिक्षण नुकतंच पूर्ण झालं होतं. "इथे दुखतंय का, बाई?"

"जरासं."

"आणि इथे?"

त्याचा उत्साह पाहून बेरिलबाईंना नाही म्हणवेना. "तिथे फारच," त्या म्हणाल्या. मग रोलंडने गुडघ्यापर्यंत लाकडी पट्ट्या बांधल्या, त्यांना चादरीत गुंडाळलं आणि ऑगस्टपर्यंत सायकलला हात लावायचा नाही असं बजावलं. होडी गावच्या धक्क्याला लागली तेव्हा अर्धं गाव तिथे उभं होतं. सोमवारी बेरिलबाईंच्या दाराशी घरी भाजलेल्या केकांची नुसती रांग लागली. खिडक्यांमधून शेजारी आळीपाळीने लक्ष ठेवून होते, त्यामुळे त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरातही लंगडत जावं लागे.

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली. बेरिलबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी डेन्झिलच्या वाटेचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग एक सुस्कारा सोडला. वाट सुंदर आहे, पण धोक्याची आहे, पुरावा सर्वांसमोर आहे, असं म्हणून त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. सगळ्यांनी स्टुलाकडे पाहिलं. डेन्झिल मोठ्या पेचात पडला. खरं सांगावं तर बाईंच्या उपकारावर पाणी पडणार, न सांगावं तर वाट बुडाली. त्याने बाईंच्या पायाखाली एक उशी सरकवली, आणि आतून अगदी कोसळून गेला.

पेटिटने नेहमीप्रमाणे मान डोलावली. मग त्याने भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे डांबरी वाटच. पण बेरिलबाई, तुमचा पाय असा. मग यंदा पुढे कोण असणार?"

सगळ्यांच्या माना डेन्झिलकडे वळल्या. पुढे राहण्याइतक्या वाटा माहीत असलेला दुसरा माणूस मंडळात एकच होता. आणि जो पुढे असेल त्याने वाट निवडायची, हा रिवाज बेरिलबाईंनीच वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवला होता. त्यांनी पाय स्टुलावरून काढायची बारीकशी हालचाल केली. पण दाराशी रोलंड स्माय उभा होता. पायाची चौकशी करायला तो मुद्दाम आला होता.

फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी डेन्झिल बेरिलबाईंकडे गेला. त्याला झोप लागत नव्हती. हवी ती गोष्ट मिळाली होती, पण दुसऱ्याच्या चांगुलपणाच्या जिवावर, आणि ते त्याला टोचत होतं.

"बेरिल, तुम्ही उद्या पुढे राहा," तो म्हणाला. "घोटा एकदम बरा झाला म्हणून सांगू. हव्या त्या वाटेने न्या. त्या दिवशी तुम्ही माझी लाज राखलीत, ते मी विसरलेलो नाही."

बेरिलबाईंनी त्याला चहा ओतला, दूध घातलं आणि बराच वेळ ढवळला.

"कसली लाज, डेन्झिल? चंडोल गात होता तिथे, त्या उतारावरच मला कळलं, तुझी वाट माझ्या वाटेपेक्षा कितीतरी सरस आहे. एकदा का मंडळी तिथून गेली की परत माझ्या पवनचक्कीकडे कोण ढुंकून बघणार? म्हणून तर घोटा धरून बसले मी."

डेन्झिलचा चेहरा हळूहळू असा उजळला की बेरिलबाईंनी वैतागून केकची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने दोन तुकडे घेतले.