घडीवर अडलेली सोयरीक

सोयरिकी मानपानावर अडतात, पत्रिका न जुळल्यानं अडतात. अमृतची मात्र कागदाच्या घडीवर अडली.

निपाणीचे मारुतीराव मुलीला, प्रियदर्शनीला, घेऊन मच्छे गावातल्या त्याच्या छापखान्यातच स्थळ बघायला आले होते. जन्मभर चकचकीत कागदाची खोकी बनवलेला माणूस; घडीवरून माणूस ओळखतो म्हणायचे. आणि अमृतला मुलगी फोटोतच आवडलेली, म्हणजे गडी कामातून गेलेला. पोहे राहिले बाजूला, त्यानं आपली नवी पेटी पुढं केली.

"मामा, असला कागद दुमडला की घडीवर रंग तडकतो, आतलं पांढरं दिसतं. ही पेटी घडीचा फोटो काढती, अन् पांढरं किती ते कम्प्युटर मोजतो. डोळा चुकंल, ही न्हाय!"

त्यानं एक गडद लाल लग्नपत्रिका दुमडून पेटीतल्या काचेखाली सरकवली, झाकण लावलं. पडद्यावर तीन लांबलचक तडे. नापास!

"भावकूअण्णाचा हात जरा जड हाय," अमृतनं कामगारावर ढकललं.

"माझा हात?" भावकू उसळला. "तुझ्या बापाच्या लग्नाच्या पत्रिका ह्याच हातानं दुमडल्यात रं!" त्यानं दुसरी पत्रिका बाळाचं दुपटं घालावं तशी हळुवार दुमडली. पुन्हा तीन तडे. नापास!

"चल गं," म्हणत मारुतीराव उठले.

"थांबा की बाबा." प्रियदर्शनीनं न दुमडलेलीच पत्रिका आत ठेवली. तरी तीन तडे! "घडीच न्हाय, तर तडकलं काय?" तिनं झाकण उघडून काच उजेडात धरली. काचेवर तीन बोटांचे पांढरे पट्टे.

"अगं बाई, त्यो रवळनाथाचा अंगारा!" अमृतची आई यशोदाबाई म्हणाल्या. "नवं मशीन तसंच चालू करत्यात व्हय?"

अमृतनं फडकं उचललं.

"हात लावून तर बघ! देवाचा अंगारा पुसत्यात?"

"खरं हाय वैनी," मारुतीरावांनीही मान डोलावली.

"मग कागद जरा खाली सरकवा की," प्रियदर्शनी म्हणाली. अमृतनं भावकूची पत्रिका पट्ट्यांच्या खाली सरकवली, कम्प्युटरला तेवढाच भाग बघायला सांगितलं. पास! मारुतीराव खाली बसले, पोहेही मागितले.

मग त्यांनी खिशातून एक जुनी पत्रिका काढली. "आता ही घाला. थोरलीच्या लग्नाची. घडी मी सोता घातलीया. तडा घावला तर मिशी उतरवीन!"

अमृतनं घातली. पडदा तड्यांनी नुसता पांढराफटक झाला.

"मामा, हिच्यात तर लई—"

प्रियदर्शनी झटकन पडद्यापुढं आडवी उभी राहिली. "पास, बाबा! एक तडा न्हाय!" आणि अमृतकडं बघून हळूच म्हणाली, "गप बसा. लगीन करायचं हाय न्हवं?"

अमृतनं पत्रिका काढून परत दिली. मारुतीरावांनी मिशीला पीळ दिला.

"पेटी झकास हाय, पोरगा बी झकास. ठरलं म्हणा! अन् जावईबापू, तुमच्या पत्रिका हितंच छापा. पण घड्या सगळ्या मी घालणार!"

भावकूनं कपाळावर हात मारला. अमृत हसला, दुसरं करणार तरी काय?