खुर्च्या मीच फिरवल्या

नाचाचा क्लब कशाने भरभराटीला येतो, हे आमच्या भागात फक्त मला कळलंय, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. म्हणजे मनातल्या मनात. मी निवृत्त ग्रंथपाल. मोठ्याने बोलायची सवय नोकरीतच सुटली.

मला नाचता येत नाही. पण आमच्या हिचा सगळा जीव त्या क्लबात. लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी जोडीजोडीने नाच चालतो. नवख्यांना ही शिकवते आणि मी कोपऱ्यातल्या दिव्याखाली पुस्तक वाचत बसतो. एवढ्या वर्षांत 'चला, नाचू या' असं मला कोणी म्हटलं नाही. का म्हणावं? मला पाहून लोकांना छत्र्या अडकवायचा खांब आठवत असणार.

हळूहळू माणसं कमी झाली आणि हॉलमालकाने हिला बजावलं, "शनिवारी गादीवाल्याला घेऊन येतो. क्लबात जीव दिसला तर हॉल तुमचा. नाहीतर गाद्यांचं गोदाम." हिच्या घशाखाली घास उतरेना. मला मात्र म्हणाली, "अहो, तुम्ही कृपा करून काही करू नका."

मी काही केलं नाही. फक्त वाचलं. जाडजूड ग्रंथ पालथे घातल्यावर निष्कर्ष निघाला: नवखा माणूस नाचाला भीत नाही, बघणाऱ्या डोळ्यांना भितो. मीही भितो. मग डोळेच दुसरीकडे वळवले तर?

शनिवारी ही दुरुस्तीला टाकलेला स्पीकर आणायला गेली. तेवढ्यात मी हॉल उघडला आणि भिंतीलगतच्या एकूण एक खुर्चीचं तोंड भिंतीकडे करून टाकलं. कंबर धरली, पण मन पिसासारखं हलकं झालं.

पहिला आला शिंपी. दारातच थिजला. मग पाय न वाजवता जवळ आला.

"काका, सगळ्याच?"

"सगळ्याच."

"कधी झालं?"

"आत्ताच, दुपारी. एकट्यानेच उरकलं. म्हटलं, चारचौघांना कशाला त्रास?"

त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले. माझं असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. ते पाहून त्याचेही.

"आणि ताईंना..."

"तिला काही कळलंसुद्धा नाही," मी जरा ऐटीत म्हणालो. "तेच बरं."

मागून दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. शिंपी त्यांच्या कानाशी लागला आणि बाईंनी येऊन मला चक्क मिठी मारली! आजवर त्यांचा हात फक्त माझ्या तोंडात असायचा.

"जेवलात का काका?"

"दूधपाव खाल्ला. आता एकट्यापुरतं कोण रांधतंय?"

बाईंनी रुमाल तोंडाला लावला.

मग येईल तो मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून बसू लागला. कुठे कुजबुज, कुठे मुसमुस. तुंबलेल्या गटारातही शीळ घालणारा नळवाला हुंदके देत होता. मला वाटलं, माझी योजना जरा जास्तच लागू पडली.

इतक्यात हॉलमालक गादीवाल्याला घेऊन हजर! समोर काय, तर शिक्षा झालेल्या वर्गासारखा अख्खा क्लब भिंतीला तोंड लावून रडतोय. शिंप्याने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मालकाने मान खाली घातली.

"एका बाईसाठी एवढी माणसं रडतात," तो गादीवाल्याला म्हणाला, "तिथे गाद्या कुठे रचू? हॉल यांचाच."

"कोणती बाई?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी नुसती माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि दार ढकलून, स्पीकर कडेवर घेऊन, आमची ही आत आली.

शिंपी किंचाळला. नळवाला खुर्चीसकट उताणा पडला. गादीवाल्याने जिना गाठला, तो आजतागायत दिसलेला नाही.

"अगं बाई, कोण गेलं?" हिने घाबरून विचारलं.

"तुम्ही," शिंपी म्हणाला.

हिने एकदा स्वतःकडे पाहिलं, एकदा हॉलभर पाहिलं आणि मग नजर माझ्यावर आणून ठेवली.

"खुर्च्या कोणी फिरवल्या?"

मी वर्गातल्या पोरासारखं हळूच बोट वर केलं.

"अहो, इथे ज्याने खुर्ची भिंतीकडे वळवली तो दमलेला. त्याला नाचायला विचारायचं नाही," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "बाकी कोणीही कोणालाही विचारायचं, नवखा असो की जुना. त्यावरच तर क्लब टिकलाय. सगळ्या खुर्च्या एकदाच वळल्या होत्या, नाचाचे मास्तर वारले तेव्हा. तुम्ही तापाने घरी होतात."

"पण माझी खुर्ची तर नेहमीच भिंतीकडे असते," मी पुटपुटलो. "दिवा तिकडे आहे."

"म्हणूनच तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, काका जन्माचेच दमलेत."

मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी कोणाला नकोच आहे.

हॉल मात्र वाचला. ही जिवंत निघाल्याचं मालकाला जरा खटकलं होतं, पण तसं बोलून कोण दाखवणार? हिने माझ्यासकट माझी खुर्ची गर्रकन फिरवली आणि डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. "चला काका."

मी नाचलो. डॉक्टरीणबाईंचा अंगठा, शिंप्याच्या बायकोची टाच, नळवाल्याचं पाऊल, सगळीकडे नाचलो. मालक तर नुसता कडेला उभा होता, त्याच्याही पायावर.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक घरीच ठेवून, केस विंचरून गेलो. सगळ्या खुर्च्यांची तोंडं नाचाकडे होती. एक सोडून, कोपऱ्यातली माझी. ती मी वळवली नव्हती. वरचा दिवासुद्धा कोणीतरी पुसून लख्ख केला होता.