ओरिजिनलरावांचा आरसा

गाडी मागे घेताना बायकोला मागे उभं करायचं नाही, असं ओरिजिनलरावांनी त्या सकाळी ठरवलं. निर्णय तसा साधाच होता. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. गाडी मागे घेताना जावयाला कुणीतरी "या, या, अजून या" म्हणावं लागतं, हे त्यांना कळू नये, एवढाच हेतू. गाडी झोकात मागे आली. फाटक मात्र जागचं हललं नाही. दोघांच्या मध्ये बाजूचा आरसा आला, देठापासून तुटला आणि वायरला लोंबकळत राहिला.

"आरशात बघूनच घेत होतात ना?" सासूबाईंनी वरून विचारलं.

"हो, अगदी नीट बघून."

"मग फाटकाचंच चुकलं म्हणायचं."

ओरिजिनलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या ऑफिसात त्यांना सगळे त्या नावाने हाक मारत, कारण कंपनीचा शिक्का नसलेली कुठलीही वस्तू ते हातात धरत नसत. पेनातली रिफील पेनाच्याच कंपनीची. चार्जर फोनच्याच कंपनीचा. (मिक्सरचं खोकंसुद्धा त्यांनी जपून ठेवलं होतं. मिक्सर कधीच जळला होता.)

त्यांची बायको गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख होती. संध्याकाळी ती साधं तपकिरी खोकं घेऊन आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "हा घ्या. आमच्या लाइनवरचा, तुमच्याच मॉडेलचा."

ओरिजिनलरावांनी खोकं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. "अगं, यावर गाडीच्या कंपनीचं नाव नाही."

"आरशात तुमचं तोंड दिसलं म्हणजे झालं. कंपनीचं कशाला हवंय?"

"तसं नाही, पण डुप्लिकेट म्हटलं की..."

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. (जाहिराती नव्हत्या, मालिका चालू होती. यावरून काय ते समजावं.)

"डुप्लिकेट?" बायको हळू आवाजात म्हणाली. ती चिडली की आवाज चढवत नसे, उतरवत असे. "दिवसभर उभी राहून मी पास करते, ते डुप्लिकेट? रविवारी कारखान्यात सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलंय. प्रमुख झाल्यापासून पहिल्यांदा मी लोकांना लाइन दाखवणार आहे. माझ्या कामावर तुमचा विश्वास आहे की नाही, तेवढं तोवर ठरवा. आणि हा आरसा बसेपर्यंत मी त्या गाडीत बसणार नाही."

ते खोकं मग जेवणाच्या टेबलावरच राहिलं. पाहुण्यासारखं. त्याच्याशी बायको बोलली असती, नवऱ्याशी बोलत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ओरिजिनलराव शोरूमवर गेले. काचेचं दार आपोआप उघडलं, गार हवा अंगावर आली आणि त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. काउंटरवरच्या माणसाने चकचकीत खोकं पुढे केलं. त्यावर कंपनीचं ठसठशीत नाव, हलवलं की रंग बदलणारं स्टिकर, वर न फोडलेलं सील. ओरिजिनलरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"तुमच्या कंपनीतच बनतो ना?" त्यांनी भक्तिभावाने विचारलं.

"आमच्या नावाने येतो, साहेब," काउंटरवाला म्हणाला. ओरिजिनलरावांना त्यातलं 'आमच्या' एवढंच ऐकू आलं.

रविवारी तिघं बसने निघाली. ओरिजिनलरावांच्या पिशवीत ते चकचकीत खोकं होतं, आणि टेबलावरचं तपकिरीही. तिथेच दोन्ही आरसे शेजारी ठेवून बायकोची गोड समजूत घालायची, असा त्यांचा बेत होता. (गोड समजूत घालण्याचे त्यांचे बेत आजवर कसे पार पडले, ते सांगत बसत नाही.)

पण कारखान्यात पाऊल टाकलं आणि ते बेत जागच्या जागी विसरले. लांबलचक पट्ट्यावरून आरसे सरकत होते, आणि प्रत्येक आरसा जाता जाता छताचे दिवे, लोखंडी खांब आणि ओरिजिनलरावांचा उघडा जबडा घेऊन पुढे जात होता. पट्ट्याच्या शेवटी काळ्या-पांढऱ्या रेघांचा फळा होता. बायको आरसा उचले, फळ्यासमोर धरी, किंचित कलता करी आणि ठेवून देई. रेघ सरळ दिसली तर मागच्या बाजूला हिरवा ठिपका. जराशी लचकली तर लाल ठिपका आणि वेगळा ट्रे. ओरिजिनलरावांना एकही रेघ लचकलेली दिसेना. बायकोला ती लांबूनच दिसत होती.

"काच दुसऱ्या कारखान्यातून येते," ती जमलेल्यांना सांगत होती. "आरसा फिरवणारी छोटी मोटर तिसरीकडून, वायर चौथीकडून. गाडीची कंपनी नकाशा आणि मापं देते, आणि आमच्याकडून तयार आरसा घेते."

"म्हणजे मग गाडी बनवतं कोण?" ओरिजिनलरावांच्या तोंडून निघून गेलं.

"आम्ही सगळे," बायको म्हणाली. गाडीच्या कंपनीच्या मालकालाही इतक्या तोऱ्यात ते म्हणता आलं नसतं. ओरिजिनलराव तिच्याकडे बघतच राहिले. कुठकुठल्या अनोळखी हातांतून फिरून आलेली वस्तू शेवटी या एका नजरेखालून जाते, आणि मग रस्त्यावर कुणाचा तरी जीव तिच्या भरवशावर वळण घेतो! ही नजर रोज सकाळी आपल्याला डबा देते, आणि आपण तिच्याकडे शिक्का मागत होतो?

ठिपके लागल्यावर पट्ट्याला दोन फाटे फुटत होते. एकीकडे चकचकीत खोकी, दुसरीकडे तपकिरी.

सासूबाईंनी पिशवीतून चकचकीत खोकं कधी काढलं, कळलंच नाही. बायकोने सील फोडलं. आत हिरवा ठिपका. घरून आणलेल्या तपकिरी खोक्यातल्या आरशावरही तोच.

"चकचकीत खोकं वाईट नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "बिघडलं तर कंपनी बदलून देते, आरसा तुमच्या गाडीला बसणार याचा भरवसा असतो. साधं खोकं घेताना ते कुणाचं आहे ते माहीत हवं. काही ठिकाणचे आरसे मीसुद्धा फुकट घेणार नाही."

इथे गप्प बसले असते तर ते ओरिजिनलराव कसले? "तरी उन्नीस-बीस असतंच," ते म्हणाले. "बघणाऱ्याला कळतं."

बायकोने तीन आरसे घेतले, मागच्या खुणांवर कागद चिकटवले आणि पुढे ठेवले. "ओळखा."

सगळी माणसं गोळा झाली. ओरिजिनलरावांनी पहिल्यात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं. ठीक होते. तिसऱ्यात मात्र ते थबकले. हनुवटी एकच होती. पोट शर्टाच्या आत होतं.

"हा!" ते भारावून म्हणाले. "याला म्हणतात ओरिजिनल! बघा, माणूस कसा आहे तसा दिसतो!"

बायकोने कागद काढला. मागे लाल ठिपका होता. नव्या मुलींना वाकडी काच ओळखायला शिकवायचा तो नमुना होता.

हसण्याने पत्रे हलले. सासूबाई तर खांबाला धरून हसल्या. हशा ओसरल्यावर ओरिजिनलराव बायकोजवळ गेले. "चुकलो," ते म्हणाले. "घरी गेल्यावर तपकिरी खोक्यातलाच बसवू. तूच बसव, मी स्क्रू धरतो."

तिच्या चेहऱ्यावर हसू आलेलं पाहून त्यांना धीर आला.

"आणि तो लाल ठिपक्याचा आहे ना," ते आणखी खाली वाकून कुजबुजले, "तो बाथरूमसाठी नेता येईल का?"

"नापास माल बाहेर सोडत नाही," बायको म्हणाली. "घरी आधीच एक आहे."